संग्रहणी, पाचक आणि ताटातली कॅप्सूल

 

आज सुरुवात एका शब्दापासून करतो. संग्रहणी. आपल्या शाहूवाडी तालुक्यात मलकापूरला, बांबवड्याला, वर आंब्याकडं, कुठल्याही गावात साठी ओलांडलेल्या आजीला विचारा, हा शब्द तिला माहीत असतोच. "अमकीची जाऊ संग्रहणीनं गेली." गेली म्हणजे नेमकं काय झालं होतं? खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, सारखं परसाकडं जावं लागायचं, बाई वाळत वाळत गेली. यापलीकडं कुणाला काही सांगता येत नाही.

शब्द फार जुना आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणीवर वेगळा अध्याय आहे. खाल्लेलं अन्न पचेपर्यंत धरून ठेवणारी जागा ती ग्रहणी, आणि ती बिघडली की अन्न कच्चंच खाली उतरतं, अशी ती कल्पना. पण या एका शब्दात आपण किती दुखणी कोंबली! आतड्याचा क्षय त्यात आला, जंत आले, जुनी आव आली, गहू न सोसणारी माणसं आली. आणि आणखी एक दुखणं आलं, ज्यात आतड्याचा काही दोष नसतो. अन्न पचवणारा रसच आतड्यात पोचत नाही. आजचं बोलणं त्या दुखण्याचं आणि त्याच्या औषधाचं. औषधाला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आम्ही हौसेनं वाचला नाही, आमच्यातल्या एकीपायी वाचावा लागला.

तिला आम्ही सगळ्या आक्का म्हणतो. चाळिशीतली, गळ्यात तुळशीची माळ, दर एकादशी धरणारी. दोन वर्षांत आक्काचं पोलकं अंगावर लोंबायला लागलं. जेवण चांगलं होतं. "खातोय तर खरं, जातंय कुठं?" असं ती स्वतःच विचारायची. पोटात कळ यायची, ती पाठीपर्यंत जायची. परसाकडंला गेलं की चिकट, तेलकट, पाणी ओतलं तरी न जाणारं, आणि वास असा की तिला घरात लाज वाटायची. हे तिनं आम्हाला सांगितलं ते वर्षभरानं. मैत्रिणींनो, या वर्षभराचं आम्हाला अजून वाईट वाटतं. आपण एकमेकींना भाजीचं, सुनेचं, कर्जाचं सगळं सांगतो, हे मात्र सांगत नाही.

उपाय घरचेच चालले होते. ओवा, हिंगाष्टक, ताक. मग कुणीतरी सांगितलं की तेलकट पडतंय तर तेलतूप बंद कर. तेही केलं. मग एका दुकानातून पाचकाची बाटली आणि गोळ्यांची पाकिटं. आक्का आणखी वाळली.

या पाचकाच्या गोळ्यांपाशी जरा थांबू या, कारण खरा घोटाळा इथंच होतो. पाकिटावर बारीक अक्षरात बघा. बहुतेक ठिकाणी दोन नावं सापडतील, पपेन आणि फंगल डायस्टेस. पपेन म्हणजे कच्च्या पपईचा चीक. मटण शिजत नसलं की कच्च्या पपईचा तुकडा किसून लावायचा हे कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात कुणाला शिकवावं लागत नाही. चिकातलं द्रव्य मांसाचे धागे सैल करतं. पपई मूळची अमेरिकेची, पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडं आली. तिच्या चिकातल्या द्रव्याला पपेन हे नाव १८७९ च्या सुमारास पॅरिसच्या व्युर्त्स आणि बुशू या दोघांनी दिलं.

दुसरं नाव जपानचं. जोकिची ताकामिने नावाचे रसायनतज्ज्ञ अमेरिकेत गेले होते. जपानात भातावर एक बुरशी वाढवून तिच्यापासून दारू आणि मिसो करतात. ताकामिनेंनी ती गव्हाच्या कोंड्यावर वाढवली आणि तिच्यातून पिठूळ पदार्थ विरघळवणारं द्रव्य काढलं. त्यांना खरं तर ते व्हिस्कीच्या भट्टीत वापरायचं होतं. ते जमलं नाही, आणि १८९४ साली त्यांनी त्याचं पेटंट घेतल्यावर ते ‘ताका-डायस्टेस’ या नावानं अपचनाचं औषध म्हणून जगभर विकलं गेलं. आपल्या पाकिटावरचं फंगल डायस्टेस त्याच घराण्यातलं.

म्हणजे पपेनचं काम मांसावर, डायस्टेसचं काम भात-भाकरीवर. आणि तेलातुपावर? त्यावर ही दोन्ही काम करत नाहीत. आक्काचं अडलं होतं ते तिथंच. लग्नाच्या पंगतीत चार घास जास्त गेले म्हणून पाचक घेणं वेगळं, आणि शरीरात रसच बनत नाही तेव्हा पाचकावर वर्ष काढणं वेगळं.

हा रस बनतो स्वादुपिंडात. जठराच्या मागं, पाठीच्या कण्याला लागून आडवं पडलेलं हे वीतभर लांबीचं पिंड. याचं एक काम आता घरोघरी माहीत झालंय, ते म्हणजे इन्सुलिन. ते बिघडलं की साखर. दुसरं काम जास्त जुनं आणि जास्त मोठं आहे: रोज लिटरभराच्या आसपास पाचक रस करून आतड्यात सोडायचा. त्यात तीन मुख्य विकरं असतात. पोरांच्या शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. अमायलेज पिठूळ अन्नासाठी, ट्रिप्सिन डाळी-मांसासाठी, लायपेज तेलातुपासाठी. पहिल्या दोघांना मदतनीस आहेत. तोंडातली लाळ भाकरीवर काम सुरू करते, जठरातला रस डाळीवर. लायपेजला मात्र म्हणावा तसा जोडीदार नाही. म्हणून रस आटला की पहिल्यांदा तेलतूप न पचता बाहेर पडतं, आणि त्याच्याबरोबर तेलात विरघळणारी जीवनसत्त्वंही जातात. अ, ड, ई, के. मग हाडं ठिसूळ होतात, अंधारात दिसेनासं होतं, लागलेलं रक्त लवकर थांबत नाही.

हे लायपेजचं काम शोधून काढलं पॅरिसच्या क्लोद बर्नार यांनी, १८४८ च्या सुमारास. माणसात पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात जवळपास एकाच जागी उघडतात, त्यामुळं तूप नक्की कोण पचवतं हे कळत नव्हतं. सशात पित्ताची नळी वर उघडते आणि स्वादुपिंडाची बरीच खाली. बर्नार यांनी चरबी खाल्लेला ससा उघडून पाहिला. आतड्यातून पचलेली चरबी वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्या दुधासारख्या पांढऱ्या होतात, पण त्या पांढऱ्या झाल्या होत्या फक्त स्वादुपिंडाच्या नळीच्या पुढं. वरच्या भागात, नुसतं पित्त असलेल्या जागी, त्या पांढऱ्या नव्हत्या. एवढ्या साध्या बघण्यातून उत्तर निघालं. १८५६ साली त्यांनी यावर सविस्तर ग्रंथ छापला.

या बर्नार यांच्या बायकोबद्दल सांगितल्याशिवाय आमच्याच्यानं पुढं जाववत नाही. १८४५ साली ठरवून झालेलं लग्न, आणि फॅनी मार्टिन यांनी आणलेल्या हुंड्याच्या पैशावर नवऱ्याचे प्रयोग चालले. जिवंत जनावरांवर चालणारे ते प्रयोग बाईंना मुळीच पटत नव्हते. पुढं त्या वेगळ्या झाल्या आणि अशा प्रयोगांविरुद्ध उभ्या राहिल्या. ज्या शोधानं आज आक्का जेवते, त्याच्या खर्चात एका बाईचा न विचारता घेतलेला वाटा आहे. इतिहासाच्या पुस्तकात तो तळटीपेत असतो.

काम कळलं, मग औषध सोपं वाटलं. ज्याला रस नाही त्याला जनावराचं स्वादुपिंड वाळवून, दळून द्यायचं. वासराचं, डुकराचं. युरोपातले औषधवाले ‘पॅनक्रिआटिन’ नावानं ही भुकटी विकू लागले. पण गुण येईना. कारण जठरातलं आम्ल. स्वादुपिंडाचा रस आपल्या शरीरात जठराच्या पुढं सुटतो, त्याला आम्लाची गाठ पडत नाही. तोंडातून घेतलेली भुकटी मात्र आधी त्या आम्लात पडते, आणि लायपेज तर सगळ्यात आधी मरतं.

मग लोकांनी नाना युक्त्या केल्या. मँचेस्टरच्या विल्यम रॉबर्ट्स यांनी १८८० च्या आसपास दूधच बाहेर पचवून द्यायला सुरुवात केली. कोमट दुधात सोडा आणि स्वादुपिंडाचा अर्क घालून ठेवायचं, आणि मग आजाऱ्याला पाजायचं. हँबर्गचे उना नावाचे डॉक्टर, त्यांनी १८८४ साली शिंग-नखांत असतं ते केराटिन काढून त्याचा लेप गोळीवर दिला, म्हणजे गोळी जठरात न फुटता आतड्यात फुटावी. कल्पना बरोबर होती, लेप मात्र भरवशाचा नव्हता.

मध्ये टोरांटोची कुत्री येतात. १९२१-२२ साली इन्सुलिन सापडलं. स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्यांना इन्सुलिन देऊन जगवायचे प्रयोग तिथं सुरू झाले. साखर ताब्यात राहिली, तरी काही महिन्यांनी कुत्री मरू लागली, आणि त्यांच्या काळजात, म्हणजे यकृतात, चरबी साठलेली सापडली. खाण्यात कच्चं स्वादुपिंड घातल्यावर ती तगली. इन्सुलिननं एक काम भागत होतं, दुसरं राहिलेलंच होतं. आक्काला साखर निघाली तेव्हा घरातले म्हणाले, चला, दुखणं सापडलं. खरं तर अर्धंच सापडलं होतं.

कोल्हापूरला नेल्यावर सोनोग्राफीत दिसलं की तिच्या स्वादुपिंडात खडे आहेत. मूतखडा माहीत होता, पित्ताचे खडे माहीत होते. हे तिसरं काय? दारू पिणाऱ्या पुरुषांत स्वादुपिंड असं खराब होतं, तंबाखू-सिगारेटनं ते आणखी वाढतं, हे डॉक्टरांनी सांगितलं. पण आक्कानं जन्मात दारूला हात लावलेला नाही.

तिच्यासारख्यांची गोष्ट आपल्याच देशात लिहिली गेली आहे. इंडोनेशियात झुइडेमा यांनी १९५९ साली कुपोषित लोकांत असे खडे पाहिल्याचं लिहिलं. त्याच सुमारास केरळात डॉ. गीवर्गीस यांच्याकडं दारू न पिणारी, गरीब घरची, तरुण माणसं येत होती. लहानपणी पोटात कळ, वयात येताना साखर, आणि ऐन उमेदीत मरण, अशी त्यांची कहाणी. त्यांचं ‘पॅन्क्रिएटिक डायबिटीस’ हे पुस्तक १९६८ साली निघालं ते मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाकडून. आपल्या कितीतरी मराठी कवी-लेखकांची पुस्तकं काढणारं तेच प्रकाशन.

महाराष्ट्रात यावर काम झालं पुण्याच्या केईएम रुग्णालयात. मुंबईला कामाला गेलेल्या आपल्या माणसांमुळं आपल्याला परळचं केईएम तेवढं माहीत, हे पुण्याचं रास्ता पेठेतलं. तिथं डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच रुग्णात स्वादुपिंडाची दोन्ही कामं मोजून पाहिली, पाचक रसाचं आणि इन्सुलिनचं. ते निबंध १९८९-९० साली परदेशी नियतकालिकांत छापून आले. खडे असलेली सगळी माणसं एका मापाची नसतात, कुणाचं थोडं उरलेलं असतं, कुणाचं जवळजवळ संपलेलं, हे त्यातून पुढं आलं. साखरेच्या डॉक्टरानं रुग्णाच्या पोटाचीही चौकशी करावी आणि पोटाच्या डॉक्टरानं साखरेची, याला असा आधार मिळाला.

केरळात लोक टॅपिओका फार खातात, म्हणून आधी संशय त्या कंदावर गेला. हे ऐकून तुमच्या मनात काय आलं ते आम्हाला कळलं, कारण आमच्याही आलं होतं. साबुदाणा त्याच कंदाचा! पण घाबरू नका. टॅपिओका न खाणाऱ्या भागांतही हा आजार सापडला, त्यामुळं तो संशय टिकला नाही. शिवाय साबुदाणा कंद धुऊन काढलेल्या पिठाचा होतो. २००२ साली हैदराबादच्या आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी दाखवलं की अशा बऱ्याच रुग्णांत ‘स्पिंक-१’ नावाच्या एका जनुकात बदल असतो. ट्रिप्सिननं स्वादुपिंडालाच खाऊ नये म्हणून असलेला तो लगाम. म्हणजे आक्कानं काही चुकीचं खाल्लं, काही पाप केलं, असं यात काही नाही. तिच्या सासूला हे दोनदा समजावून सांगावं लागलं.

औषधाकडं परत येतो. १९७३ साली अमेरिकेत डिमॅग्नो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लायपेज नेहमीच्या दहाव्या हिश्श्याखाली जाईपर्यंत तेलकट पडायला सुरुवातच होत नाही. म्हणजे लक्षण दिसतं तेव्हा नऊ हिस्से गेलेले असतात. १९७७ साली त्यांनीच मोजलं की त्या वेळच्या गोळ्यांतलं दहाव्या हिश्श्याहूनही कमी लायपेज आतड्यात जिवंत पोचतं. त्यानंतर, सत्तरच्या दशकाच्या शेवटी, खरी सुधारणा झाली. एक मोठी गोळी करण्याऐवजी मोहरीएवढे बारीक दाणे, प्रत्येक दाण्यावर आम्लात न विरघळणारा लेप, आणि ते सगळे एका कॅप्सूलमध्ये. जठरात कॅप्सूल फुटते, दाणे अन्नात मिसळतात, अन्नाबरोबरच आतड्यात उतरतात आणि तिथं उघडतात.

आता बघा, आक्का ही कॅप्सूल कशी घेत होती? जेवण झाल्यावर, भांडी घासून, देवापुढं दिवा लावून, रात्रीच्या सगळ्या गोळ्यांबरोबर. आपण सगळ्या औषध असंच घेतो, "जेवल्यावर". दोन महिने पैसे गेले आणि गुण नाही. अन्न पुढं गेलेलं आणि दाणे मागं एकटेच. तिला औषध देताना कुणी सांगितलं नाही, की सांगितलं आणि गर्दीत तिला कळलं नाही, देव जाणे. मग एका तपासणीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ताई, कधी घेता?" आणि तिथं उलगडा झाला. पहिल्या घासांबरोबर घ्यायची. दोन-तीन असतील तर एक सुरुवातीला, बाकीच्या जेवता जेवता. चावायची नाही, गार किंवा साध्या पाण्याबरोबर गिळायची. गिळता येत नसेल तर उघडून दाणे आंबटसर फळाच्या गरावर घालून लगेच घ्यायचे, गरम आमटीत किंवा दुधात नाही. दुधाचा चहा आणि चिवडा असेल तर लहान कॅप्सूल, नुसता कोरा चहा किंवा एखादं फळ असेल तर नको. कॅप्सूलवर जो दहा हजार, पंचवीस हजार आकडा असतो तो लायपेजच्या युनिटचा. किती घ्यायच्या ते डॉक्टर वजनावर आणि जेवणावर ठरवतात, ते आम्ही सांगणार नाही.

का सांगणार नाही, त्यालाही इतिहास आहे. १९९४ साली इंग्लंडात लिव्हरपूलच्या डॉक्टरांना दिसलं की फार जोरकस कॅप्सूल घेणाऱ्या काही मुलांचं मोठं आतडं आखडलं होतं. तेव्हापासून किलोमागे दिवसाला दहा हजार युनिटची मर्यादा धरतात. आणि अमेरिकेत तर ही औषधं जुनी म्हणून तपासणीशिवायच विकली जात होती. एका कंपनीच्या गोळीत लिहिल्यापेक्षा कमी, दुसरीच्या जास्त. २००४ साली तिथल्या सरकारनं सगळ्यांना रीतसर परवानगी घ्यायला लावली, २०१० पर्यंत मुदत दिली.

वेळ बदलल्यावर आक्काला पंधरा दिवसांत फरक पडला. तेलतूपही तिला परत सुरू करायला सांगितलं, कारण वजन त्याशिवाय येणार नव्हतं. आम्ही सुटलो म्हणेपर्यंत तिच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरानं मोबाइलवर वाचून सांगितलं की कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडाची आहे.

आक्कानं त्या दिवसापासून बंद केली. कुणाला बोलली नाही. पुन्हा तेच सगळं सुरू झालं.

यावर आम्ही आपसात भांडलो, खोटं कशाला बोला. आमच्यातल्या एकीचं म्हणणं, हे तिला आधीच सांगायला हवं होतं, नंतर कळलं म्हणून तिला फसवल्यासारखं वाटलं. दुसरीचं म्हणणं, सांगितलं असतं तर तिनं सुरूच केली नसती. आम्हाला पहिलीचं पटतं. माळ घातलेल्या बाईला, मुसलमान घरातल्या बाईला, हे आधी सांगून विचारायला वेळ द्यायला हवा. वनस्पतीचा किंवा बुरशीचा पर्याय शोधायचे प्रयत्न झाले आहेत. लिप्रोटॅमेज नावाचं, सूक्ष्मजीवांपासून केलेलं औषध २०११ साली अमेरिकेत परवानगीपर्यंत जाऊन परत आलं, आणि पुढच्या चाचण्यांतही ते डुकराच्या औषधाची बरोबरी करू शकलं नाही. इन्सुलिनचं तसं झालं नाही. तेही साठ वर्षं गाय-डुकरांपासूनच यायचं, १९८२ नंतर जिवाणूंकडून माणसाचं इन्सुलिन तयार व्हायला लागलं. स्वादुपिंडाच्या रसात मात्र कितीतरी विकरं एकत्र असतात, ती सगळी अजून तशी करता आलेली नाहीत. दुसरा इलाज नसेल आणि जीव वाचवायचा असेल तर मनाई असलेली वस्तू औषधापुरती चालते, असं मुसलमान धर्मशास्त्राचे बरेच जाणकार मानतात. माळकऱ्यांत असा कुणी एक सांगणारा नाही. ज्याच्याकडून माळ घेतली त्याला विचारायचं.

आक्का विचारायला गेली. वाटेत आणि परत येताना काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, आम्हीही खोदून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "माळ ऱ्हाऊ दे म्हणाले. घेतो मी." माळ गळ्यात आहे. एकादशीला शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी खाते, तेव्हाही ताटात मिठाशेजारी कॅप्सूल असते.

कॅप्सूलला उष्णता सोसत नाही, म्हणून ती चुलीवरच्या फळीवर ठेवायची नाही हे तिला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. तिनं डबी देवघराच्या कोनाड्यात ठेवली आहे, घरातली सगळ्यात गार जागा तीच. सध्या ती पावसाळ्याची बेगमी करते आहे. घाटाकडचा रस्ता बंद पडला तर मलकापुरात औषध येईपर्यंत चार दिवस जातात, म्हणून दोन महिन्यांच्या कॅप्सूल मिरगाच्या आत आणून ठेवायच्या आहेत. पैसे भिशीतून उचलायचं ठरलंय, आणि यंदाचा नंबर आम्ही तिला दिलाय.